वाचक विचारतात : स्नायूपेशी वाढवणं आणि त्यांतलं कॅल्शियम मोजणं

या वेळच्या पत्रांत दोन प्रकारची मंडळी आहेत. काहींना या क्षेत्रात यायचंय, काही आत शिरून अडकली आहेत. अडकलेल्यांना आम्ही जास्त जागा दिली आहे, कारण स्नायूंच्या कॅल्शियमवरचे बहुतेक फसलेले प्रयोग मायक्रोस्कोपपर्यंत पोचायच्या आधीच, आदल्या आठवड्यात कल्चरच्या, म्हणजे पेशी वाढवायच्या, फ्लास्कमध्ये बिघडलेले असतात.

प्रश्न : मुलगी बारावीला आहे. स्नायूंच्या आजारांवर संशोधन करायचं म्हणते. नातेवाईक म्हणतात, आधी डॉक्टर हो, मग काय ते कर. एमबीबीएस की बी.एस्सी.? आणि मुंबई सोडावी लागेल का?
— पालक, गिरगाव

उत्तर : कुतूहल कशाचं आहे ते आधी तिलाच विचारा. पेशीच्या आत काय घडतं यात मन रमत असेल तर बी.एस्सी., एम.एस्सी. आणि मग पीएच.डी. ही सरळ वाट. पीएच.डी.ला पाच ते सहा वर्षं धरा, त्यापुढे तीन ते पाच वर्षं पोस्टडॉक, म्हणजे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत संशोधन. स्वतःची प्रयोगशाळा हातात येईपर्यंत पस्तिशी गाठते, हे घरात आत्ताच बोलून ठेवलेलं बरं. एमबीबीएसला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, त्यावर शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र किंवा औषधशास्त्रात एम.डी.ची तीन. या वाटेने आलेल्याच्या हाताशी रुग्ण असतो, बायोप्सी असते, औषधांचे परिणाम डोळ्यांसमोर असतात, पीएच.डी.वाल्याला त्यासाठी दारोदार फिरावं लागतं. तोटा एकच, पण मोठा. पिपेट हातात फार उशिरा येते. ज्या वयात हात बसायचा त्या वयात वॉर्डातल्या ड्यूट्या चालू असतात. रुग्ण तपासायची मनापासून आवड असेल तर एमबीबीएस जरूर करावं. 'काही नाही तर दवाखाना तरी टाकेल' एवढ्या हिशेबाने नको.

पैशांचं म्हणाल तर सीएसआयआर, आयसीएमआर किंवा डीबीटी या सरकारी यंत्रणांच्या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली की जानेवारी २०२३पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ या वरच्या टप्प्याला ४२,०००, आणि नियमाप्रमाणे घरभाडं. मुंबईत घर असलेल्याला हे पुरतं. बाहेरून येणाऱ्याचं सगळं हॉस्टेल मिळण्यावर अवलंबून.

पीएच.डी.साठी तरी मुंबई सोडायची गरज नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) ओबैद सिद्दिकींनी १९६२ साली सुरू केलेला जीवशास्त्राचा विभाग आहे. पवईला आयआयटी, खारघरला टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही कर्करोग संशोधन संस्था, परळला आयसीएमआरची प्रजनन व बालआरोग्य संस्था आणि शेजारीच केईएम रुग्णालय. पेशी बाटलीत वाढवायचं तंत्र या शहराला नवं नाही. कमल रणदिवे यांनी १९६०च्या दशकात भारतातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली, ती मुंबईतल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रातच.

संस्थेच्या नावापेक्षा गाइड कोण याला जास्त वजन द्या. मुलाखतीच्या दिवशी तिथल्या विद्यार्थ्यांना गाठून तीन गोष्टी विचाराव्यात : कल्चरमध्ये लपून राहणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जंतूची चाचणी किती दिवसांनी होते, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेल्या पेशींची वही कोण ठेवतं, आणि मागच्या तिघांना पीएच.डी. पुरी करायला किती वर्षं लागली. पहिल्या दोन प्रश्नांवर पोरं एकमेकांकडे बघायला लागली, तर तिसऱ्याचं उत्तर मोठं असणार हे धरून चाला.

प्रश्न : उंदराच्या सी२सी१२ या स्नायूपेशी वापरते. पूर्वी त्या एकमेकींत मिसळून छान ट्यूब (अनेक केंद्रकांचे लांब तंतू) व्हायच्या. आता दोन टक्के घोड्याच्या सीरममध्ये (रक्तातल्या द्रवात) सहा दिवस ठेवूनही पेशी नुसत्या चपट्या पसरून राहतात, एकमेकींत मिसळत नाहीत. सीरमची बाटली बदलून पाहिली.
— पीएच.डी.चं दुसरं वर्ष, अंधेरी

उत्तर : सगळे आधी सीरमवर संशय घेतात. आम्ही आधी पॅसेज नंबर, म्हणजे पेशी आजवर किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या, ते विचारू आणि मग, शनिवार-रविवारी फ्लास्क कोण बघतं ते विचारू.

सी२सी१२ या पेशींचं मूळ १९७७ सालचं. याफे आणि साक्सेल यांनी उंदराच्या दुखापत झालेल्या स्नायूतून काढलेल्या पेशींची ही उपशाखा. या पेशी दाटीत आल्या की विभाजन थांबवून एकमेकींत मिसळायला लागतात; तोच त्यांचा गुण. म्हणून फ्लास्क शुक्रवारी अर्धा भरलेला असला तर सोमवारी तो गच्च भरलेला मिळतो, मिसळणाऱ्या पेशी तोवर ट्यूब होऊन बाद झालेल्या असतात, आणि पेशी तळापासून सोडवणारं ट्रिप्सिन घालून तुम्ही पुढे नेता त्या नेमक्या न मिसळणाऱ्या, नुसत्या वाढत राहणाऱ्या. असे तीन-चार सोमवार गेले की फ्लास्कमध्ये वाढीला जोरदार आणि ट्यूबला नालायक अशी जमात उरते. ती कुठल्याही सीरमने परत यायची नाही. पंधराव्या-विसाव्या पॅसेजच्या पुढच्या पेशी सरळ टाकून द्या आणि जुनी, कमी पॅसेजची गोठवलेली व्हायल (पेशींची कुपी) वितळवा.

पुढे हे असं सांभाळा. ४.५ ग्रॅम प्रति लिटर ग्लुकोजचं डीएमईएम हे पोषक द्रावण (मीडियम), त्यात १० टक्के वासराचं सीरम, ३७ अंश सेल्सिअस, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. तळ ६० ते ७० टक्के झाकला की पॅसेज करायचा, त्याहून उशीर नको. ट्रिप्सिनच्या आधी कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएस या क्षारांच्या द्रावणाने दोनदा धुवा. सीरममध्ये ट्रिप्सिनला रोखणारी प्रथिनं असतात, आणि कॅल्शियम पेशींची एकमेकींवरची पकड घट्ट ठेवतं. धुणं चुकवलं की पेशी सुटत नाहीत, मग माणूस ट्रिप्सिन दहा मिनिटं ठेवतो आणि पेशींची साल काढतो. नीट धुतलं तर ०.२५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीएला दोन-तीन मिनिटं पुरतात. पेशी गोल दिसल्या की फ्लास्कला बाजूने एक टिचकी मारा, त्या सरकायला लागल्या की सीरमवालं मीडियम घालून थांबवा.

मोजणी अंदाजाने नको. समजा मेलेल्या पेशी रंगवणारं ट्रिपॅन ब्लू समप्रमाणात मिसळून हिमोसायटोमीटर या मोजणीच्या काचेच्या चार कोपऱ्यांत मिळून २१२ जिवंत पेशी दिसल्या. सरासरी ५३, गुणिले २, गुणिले १०,०००, म्हणजे मिलिलिटरमागे १०.६ लाख. ३५ मिलिमीटरच्या डिशमध्ये एक लाख पेशी हव्या असतील तर ९४ मायक्रोलिटर घ्या. डिश गोल फिरवू नका, सगळ्या पेशी मधोमध गोळा होतात. पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलवा.

तळ ९० टक्क्यांच्या आसपास भरला की वाढीचं मीडियम काढा, पीबीएसने दोनदा धुवा आणि २ टक्के घोड्याच्या सीरमचं मीडियम घाला. धुणं इथेही सोडू नका. वासराच्या सीरममधले वाढीचे घटक थोडे जरी उरले तरी पेशी 'अजून विभागत राहा' हाच निरोप ऐकत राहतात. मीडियम रोज किंवा दिवसाआड बदला. दुसऱ्या दिवशी पेशी लांबट होऊन एका दिशेने रांगेत येतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बारीक ट्यूब, पाचव्या-सहाव्या दिवशी जाड, अनेक केंद्रकांच्या. सातव्या दिवसानंतर काही ट्यूब आपोआप थरथरू लागतात आणि त्या ओढीनेच तळापासून सुटतात. म्हणून मीडियम डिशच्या भिंतीवरून सोडा, आणि तळाला आधी ०.१ टक्के जिलेटिनचा लेप द्या. दुसऱ्या दिवशी रांग दिसली नाही तर सहाव्या दिवसाची वाट बघत बसू नका. तो प्रयोग तिथेच संपला.

आणि 'छान ट्यूब' असं वहीत लिहू नका, आकडा लिहा. मायोसिन या स्नायूतल्या प्रथिनाच्या अँटिबॉडीने ट्यूब रंगवायच्या, डॅपी या रंगाने केंद्रकं, आणि ट्यूबमधली केंद्रकं भागिले एकूण केंद्रकं गुणिले शंभर. दोन केंद्रकांची पेशी ट्यूब धरायची की तीनची, हे मोजणीच्या आधी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नवी व्हायल वितळवल्यावर पहिल्या दोन पॅसेजमध्येच १० टक्के डीएमएसओमध्ये (हा द्रव गोठवताना पेशी जपतो), व्हायलमागे दहा लाख पेशी, मिनिटाला एक अंश या वेगाने थंड करून डझनभर व्हायली साठवा. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून ते पुढे ढकललं जातं, आणि म्हणून दोन वर्षांनी अशी पत्रं येतात.

प्रश्न : जून उजाडला की आमच्या कल्चरमध्ये बुरशी येते. अँटिबायोटिक दुप्पट केलं तरी फरक पडत नाही.
— एम.एस्सी.चे दोन विद्यार्थी, बोरिवली

उत्तर : पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनचा बुरशीवर काहीच परिणाम होत नाही, दुप्पट करा नाहीतर दसपट. मुंबईच्या पावसाळ्यात बुरशीचे बीजाणू मुख्यतः तीन ठिकाणांहून येतात. इन्क्युबेटरमधला पाण्याचा ट्रे, पुठ्ठ्याची खोकी आणि एसी. ट्रेमध्ये निर्जंतुक डिस्टिल्ड पाणी घाला, दर आठवड्याला बदला, ट्रे ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करा. खोकी कल्चर रूमच्या बाहेर फोडा, ओला पुठ्ठा आत नको. स्प्लिट एसीचा झोत हूडच्या (गाळलेल्या हवेच्या झोतात काम करायच्या कपाटाच्या) तोंडावर येत असेल तर हूडमधल्या हवेचा पडदा तुटतो आणि खोलीतली हवा सरळ डिशवर जाते. झोताची दिशा बदला, नाहीतर हूड हलवा. पुसायला ७० टक्के अल्कोहोलच वापरा. शुद्ध अल्कोहोल झटकन उडून जातं, आणि जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतंच.

बुरशी निदान दिसते तरी. खरा त्रास मायकोप्लाझ्माचा. त्याला पेशीभित्तिका नाही, म्हणून पेनिसिलिनला तो दाद देत नाही. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटू शकतो, मीडियम गढूळ करत नाही. पेशी फक्त हळू वाढतात, ट्यूब कमी होतात आणि कॅल्शियमचे आकडे दर आठवड्याला वेगळे येतात. अँटिबायोटिकशिवाय दोन-तीन दिवस वाढवलेल्या फ्लास्कमधलं मीडियम घेऊन महिन्यातून एकदा पीसीआर करा. होकस्ट डायने रंगवल्यावर केंद्रकाबाहेर बारीक चमकते ठिपके दिसले तरी तोच. निघाला तर फ्लास्क वाचवायच्या फंदात न पडता १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करून टाका, आणि त्याच इन्क्युबेटरमधल्या इतरांनाही सांगा. इतरांना सांगणं लोक टाळतात, आणि मग तो साऱ्या मजल्यावर पसरतो.

अँटिबायोटिक दुप्पट करण्याबद्दल आणखी एक. कल्चरमध्ये नेहमी घालतात ते स्ट्रेप्टोमायसिन मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे १७० मायक्रोमोलर. ताणाने उघडणारे आयन चॅनल, म्हणजे पेशीच्या पडद्यातली आयनांची दारं, स्ट्रेप्टोमायसिनने बंद पडतात. ज्यांना पुढे स्नायूतलं कॅल्शियम मोजायचंय त्यांनी निदान मोजणीच्या डिशमध्ये तरी ते घालू नये.

प्रश्न : पेशींची वाढ आणि स्नायूचं आकुंचन हे दोन वेगळे विषय वाटतात. एकाच वैज्ञानिकाच्या कामात दोन्ही एकत्र कसे येतात?
— निवृत्त शिक्षक, विलेपार्ले

उत्तर : दोन्हींच्या मधे कॅल्शियम आहे. पेशीच्या बाहेर ते एक-दोन मिलिमोलर, आत विश्रांतीत साधारण १०० नॅनोमोलर. म्हणजे बाहेर दहा हजारांहून जास्त पट. एवढा उतार असल्यामुळे चॅनल क्षणभर उघडलं तरी आतला आकडा एकदम चढतो, आणि पेशीला तेवढा इशारा पुरतो.

आकुंचनाची बाजू आधी कळली. सिडनी रिंगर यांनी १८८३ साली दाखवलं की बेडकाचं हृदय नळाच्या पाण्यात केलेल्या मिठाच्या द्रावणात धडधडत राहतं आणि डिस्टिल्ड पाण्यात केलेल्या द्रावणात बंद पडतं. लंडनच्या नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं. हाइलब्रुन आणि विअरसिन्स्की यांनी १९४७ साली स्नायूच्या तंतूत वेगवेगळे क्षार टोचून पाहिले, आणि शरीरात एरवी असतात त्या आयनांपैकी आखडवणारं एकटं कॅल्शियम निघालं. १९६०च्या दशकात जपानमध्ये सेत्सुरो एबाशी यांनी ते कॅल्शियम पकडणारं प्रथिन, ट्रोपोनिन, वेगळं काढलं. हाडाला जोडलेल्या स्नायूत विजेचा इशारा आला की तंतूत आत शिरलेल्या नळीच्या पडद्यावरचं एक प्रथिन शेजारच्या रायनोडिन रिसेप्टरला, म्हणजे पेशीतल्या कॅल्शियमच्या साठ्याच्या दाराला, थेट हलवतं, ते दार उघडतं, कॅल्शियम ट्रोपोनिनला चिकटतं आणि तंतू सरकतात. मग सर्का नावाचा पंप एटीपी या पेशीच्या इंधनाच्या एका रेणूमागे कॅल्शियमचे दोन आयन परत साठ्यात ओढतो.

वाढीच्या बाजूला दार वेगळं. वाढीचा घटक पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला चिकटला की आत आयपी-३ नावाचा छोटा रेणू तयार होतो आणि साठ्यातलं कॅल्शियम सोडतो. आयपी-३चं हे काम १९८३ साली स्पष्ट झालं. स्नायूत दोन्ही बाजू एकत्र येतात त्या अशा : वाढलेलं कॅल्शियम कॅल्सिन्युरिन या एन्झाइमला चालू करतं, ते एनफॅट नावाच्या प्रथिनाचे फॉस्फेट काढतं, एनफॅट केंद्रकात शिरतं आणि कोणती जनुकं वापरायची ते बदलतं. रोज लांब चालणाऱ्याच्या पोटरीतले तंतू सावकाश थकणारे होतात त्यात या साखळीचा वाटा आहे. प्रत्यारोपणानंतर देतात ते सायक्लोस्पोरिन हीच साखळी तोडतं. रोगप्रतिकारक पेशींत तोडलेली हवी असते. स्नायूत तोडली गेली तर काय होतं, हा प्रश्न मग स्नायूवाल्यांकडे येतो. म्हणून एकच माणूस सकाळी पेशी मोजत असतो आणि दुपारी अंधाऱ्या खोलीत कॅल्शियम.

प्रश्न : फ्युरा-२ या कॅल्शियमला चिकटून चमक बदलणाऱ्या डायने पेशीतलं कॅल्शियम मोजतो आहे. साठ्याचं दार उघडणारं कॅफीन दिलं तरी रेशो (३४० आणि ३८० नॅनोमीटरच्या प्रकाशात मिळणाऱ्या चमकेचं गुणोत्तर) जेमतेम हलतो. कधी कधी तर औषध देण्याआधीच काही ट्यूब झगमगतात. डाय खराब आहे का?
— रिसर्च असिस्टंट, परळ

उत्तर : डाय खराब असू शकतो, आणि तो बहुधा तुमच्याकडेच खराब झालाय. एएम स्वरूपाच्या, म्हणजे पेशीत शिरण्यासाठी रासायनिक शेपटी जोडलेल्या, डायला पाणी चालत नाही. उणे २० अंशांतून काढलेली व्हायल लगेच उघडली की मुंबईच्या हवेतला दमटपणा आत पाझरतो. व्हायल खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, निदान वीस मिनिटं, बंदच ठेवा. डीएमएसओही हवेतलं पाणी शोषतो, म्हणून छोट्या बाटल्यांत भरलेला कोरडा डीएमएसओ घ्या. ५० मायक्रोग्रॅमच्या व्हायलीत ५० मायक्रोलिटर डीएमएसओ घातला की जवळपास नेमका एक मिलिमोलर स्टॉक होतो. तो त्याच दिवशी वापरा, उरलेला परत गोठवू नका.

डिशमध्ये मिलिलिटरमागे दोन मायक्रोलिटर स्टॉक, म्हणजे दोन मायक्रोमोलर, आणि डाय पाण्यात विरघळायला मदत करणारं २० टक्के प्लुरॉनिक एफ-१२७ एक मायक्रोलिटर. हे सीरम नसलेल्या द्रावणात करा. सीरममधली एस्टरेज एन्झाइम एएमची शेपटी बाहेरच कापून टाकतात आणि मग डाय आत जात नाही. द्रावण साधं : सोडियम क्लोराइड १४० मिलिमोलर, पोटॅशियम क्लोराइड ५, कॅल्शियम क्लोराइड १.८, मॅग्नेशियम क्लोराइड १, ग्लुकोज १०, हेपीस १०, पीएच ७.४. फिनॉल रेड नको, तो स्वतःच चमकतो. खोलीच्या तापमानाला अंधारात ३० ते ४० मिनिटं ठेवा. ३७ अंशांवर घाईने भरलेला डाय मायटोकॉन्ड्रिया आणि साठ्यात जाऊन बसतो. मायक्रोस्कोपखाली ट्यूब एकसारखी उजळ न दिसता ठिपक्याठिपक्यांची दिसली तर तेच झालंय. मग दोनदा धुवा आणि आणखी वीस-तीस मिनिटं नुसती ठेवा, म्हणजे आत गेलेल्या डायच्या शेपट्या पूर्ण कापल्या जातात. ही शेवटची वीस मिनिटं वाचवायचा मोह फार जणांना होतो. अर्धवट कापलेला डाय चमकतो, पण कॅल्शियमला जुमानत नाही. रेशो जेमतेम हलण्याचं हे एक नेहमीचं कारण.

आता रेशो बाजूला ठेवा आणि ३४० आणि ३८० नॅनोमीटरच्या दोन्ही रेषा सुट्या छापून शेजारी लावा. कॅल्शियम वाढलं की ३४०ची रेषा वर आणि ३८०ची खाली गेलीच पाहिजे. दोन्ही एकाच दिशेला जात असतील तर ते कॅल्शियम नाही. दोन्ही हळूहळू उतरत असतील तर डाय जळतोय किंवा पेशीतून गळतोय. दिव्याचा प्रकाश कमी करा, आणि गळती असेल तर एक ते अडीच मिलिमोलर प्रोबेनेसिड घालून पाहा. दोन्ही एकदम झेपावत असतील तर औषध घालताना डिश हलली किंवा ट्यूब आखडून फोकसबाहेर गेली. ३४०ची रेषा मुळातच निस्तेज असेल तर डिशचा तळ प्लास्टिकचा आहे का बघा. प्लास्टिक आणि पुष्कळशी साधी ऑब्जेक्टिव्ह ३४० नॅनोमीटरचा प्रकाश गिळतात. काचेच्या तळाची डिश आणि अल्ट्राव्हायोलेट जाऊ देणारी ऑब्जेक्टिव्ह हवी.

आधीच झगमगणाऱ्या ट्यूब बहुधा अर्धमेल्या असतात. पडदा फाटला की बाहेरचं कॅल्शियम आत येतं. त्या मोजणीत घेऊ नका, पण कोणत्या आकड्याच्या वरच्या ट्यूब वगळायच्या ते प्रयोगाआधी ठरवा, नाहीतर मनासारखा निकाल देणाऱ्या ट्यूबच शिल्लक राहतात. आणि १० मिलिमोलर कॅफीनला प्रतिसाद हवा असेल तर ट्यूब निदान चार-पाच दिवसांच्या हव्यात. न जुळलेल्या पेशींत रायनोडिन रिसेप्टर जेमतेम असतो, त्यांना कॅफीन देऊन काय मिळणार?

प्रत्येक दिवसाच्या शेवटी त्याच डिशमध्ये कॅल्शियमला पेशीत शिरू देणारं आयोनोमायसिन आणि भरपूर कॅल्शियम देऊन सर्वांत वरचा रेशो घ्या, मग कॅल्शियम पकडून ठेवणारं ईजीटीए देऊन सर्वांत खालचा. हे दोन आकडे नसतील तर नॅनोमोलरमध्ये उत्तर लिहायचा हक्क नाही. ईजीटीए कॅल्शियम पकडताना हायड्रोजन आयन सोडतं, पीएच उतरतो, आणि पीएच नुसता ०.२ने उतरला तरी ईजीटीएची पकड सुमारे अडीचपट सैल होते. म्हणून कॅलिब्रेशनच्या द्रावणाचा पीएच ईजीटीए घातल्यावर पुन्हा मोजा.

प्रश्न : रात्री पोटरीत गोळे येतात. कॅल्शियमच्या गोळ्या घ्याव्यात का?
— वाचक, लालबाग

उत्तर : तपासणीशिवाय नको. हाडाला जोडलेला स्नायू आकुंचनासाठी स्वतःच्या आतल्या साठ्यातलं कॅल्शियम वापरतो. बाहेरचं काढून घेतलं तरी तो काही वेळ आखडू शकतो, हृदयाला ते जमत नाही. रक्तातलं कॅल्शियम फार कमी झालं की बोटं वाकडी होतात, ओठांभोवती मुंग्या येतात, पण त्याचं कारण नसांमध्ये असतं : बाहेर कॅल्शियम कमी असलं की नसांची सोडियम चॅनल जरा जास्तच सहज उघडतात. रात्रीचे गोळे बहुतेकांत या प्रकारचे नसतात. मूत्रवर्धक किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि गोळा आला की पाऊल नडगीकडे ओढून धरा.

प्रश्न : काकांना भूल दिल्यावर ताप खूप चढला होता आणि अंग लाकडासारखं झालं होतं. आता माझ्या भावाचं ऑपरेशन ठरलंय. याचा काही संबंध?
— वाचक, मुलुंड

उत्तर : असू शकतो, आणि ही गोष्ट भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या आधी, शक्यतो लेखी, सांगायलाच हवी. या विकाराला मॅलिग्नंट हायपरथर्मिया म्हणतात. डेन्बरो आणि लव्हेल यांनी १९६० साली मेलबर्नमधल्या एका कुटुंबावरून तो प्रथम मांडला. त्या घरातले दहा नातेवाईक भुलेखाली दगावले होते. बहुतेक वेळा दोष रायनोडिन रिसेप्टरच्या जनुकात असतो आणि तो आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन यांसारखे भुलेचे वायू किंवा सक्सिनिलकोलिन हे इंजेक्शन मिळालं की साठ्याचं दार उघडं राहतं. कॅल्शियम वाहत राहतं, स्नायू आखडतो, पंप ते परत ओढायला एटीपी जाळत राहतो आणि त्या जळण्यानेच शरीर तापतं. वास्तविक पहिली खूण बहुधा तापाची नसते; श्वासातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि नाडी धावते.

भावाला भूल देता येते. प्रोपोफोल, स्थानिक भूल, नायट्रस ऑक्साइड यांनी हा झटका येत नाही. फक्त भूलतज्ज्ञांना मशिन आधी धुऊन घ्यावं लागतं आणि या झटक्यावरचं औषध डॅन्ट्रोलीन हाताशी आहे का ते आदल्या दिवशी बघावं लागतं. सुरुवातीचा डोस किलोला २.५ मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला १७५ मिलिग्रॅम, म्हणजे २० मिलिग्रॅमच्या नऊ व्हायली, आणि या जुन्या पद्धतीच्या प्रत्येक व्हायलीत ६० मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून हलवत बसावं लागतं. ते लवकर विरघळत नाही. एकट्याच्या हाताने होण्यातलं हे काम नाही, म्हणून कोण काय करणार हे आधी वाटून ठेवतात. घरातल्या इतरांनीही काकांच्या वेळचे कागद शोधून ठेवावेत. कोणता वायू दिला होता हे त्यावर लिहिलेलं असतं.

प्रश्न : एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत दोन महिने मिळतात. स्नायूंवर काय करून होईल?
— विद्यार्थिनी, शीव

उत्तर : आयसीएमआरची विद्यार्थ्यांसाठीची दोन महिन्यांची योजना आहे, तिला अर्ज करा. पण विषय असा निवडा की एथिक्स समितीच्या मंजुरीत सुट्टी संपू नये. नवे रुग्ण किंवा प्राणी घेतलेत की मंजुरीलाच काही महिने जातात. त्यापेक्षा एखाद्या प्रयोगशाळेत आधीच चालू असलेल्या पेशींवर एकच प्रश्न घ्या, उदाहरणार्थ एखाद्या औषधाच्या तीन मात्रांत किती टक्के केंद्रकं ट्यूबमध्ये जातात. पहिले दोन-तीन आठवडे फक्त पॅसेज आणि मोजणी शिकण्यात जातील, ते धरूनच आखणी करा. मोजताना कोणत्या डिशमध्ये किती औषध आहे ते तुम्हाला माहीत नको. लेबलं दुसऱ्याकडून झाकून घ्या, प्रत्येक डिशमधल्या दहा जागा आधी ठरवून घ्या आणि तिथे जे दिसेल ते मोजा. प्रयोग तीन वेगवेगळ्या आठवड्यांत, तीन वेगवेगळ्या वेळी वितळवलेल्या पेशींवर करा. एकाच दिवशीच्या तीन डिश म्हणजे तीन प्रयोग होत नाहीत, आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो.